लेहरा धरणारं यंत्र

१९८२ साली एचएमव्हीने मुंबईच्या एका वादकाची एलपी बाजारात आणली. नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार, बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर असं जे लागेल ते वाजवणारा आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नसमारंभांत गाणी वाजवणारा हा कामसू माणूस. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर डिस्कोची लाट आली होती. जो तो तेच करतोय, तर आपण तबला बंद ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवू, असं सुचल्याचं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि लोक ती विसरले. २०१० मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले नाचसंगीताचे जाणकार चकित झाले. अ‍ॅसिड हाउस या नाचसंगीताच्या प्रकाराची सुरुवात ज्या रेकॉर्डपासून धरतात तो शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चा. ज्या पेटीच्या आवाजावर ते संगीत आणि पुढे गोवा ट्रान्स उभा राहिला, ती रोलंड कंपनीची टीबी-३०३ मुंबईत पाच वर्षं आधीच तोडी आणि मालकंसाच्या साथीला बसलेली होती.

मग वर्तमानपत्री मथळा ठरलेलाच: अ‍ॅसिड हाउसचा जनक भारतीय. त्यात तथ्य नाही. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि चरणजितना नवं घराणं काढायचं नव्हतं. ‘आधी कोण’ हा प्रश्न पेटंट कचेरीत शोभतो. गाणं ऐकताना तो विचारला की कान बंद होतात आणि अभिमान उघडतो. पन्नासेक मिनिटांची ही एलपी क्रमाने, एकेक ट्रॅक घेऊन ऐकत गेलं की याहून चांगला प्रश्न हाती लागतो: एखादी ओळ पुन्हा पुन्हा, जराही न बदलता वाजत राहते, ती कुणासाठी?

त्यासाठी आधी यंत्रं पाहायला हवीत. टीबी-३०३ ही वहीएवढी चंदेरी पेटी. तादाओ किकुमोतो या जपानी अभियंत्याने ती घडवली, ती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून. बास गिटारसारखी ती कधी वाजली नाही. १९८४ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं आणि सेकंडहँड दुकानांतून ती पडत्या भावात पोरांच्या हाती गेली. तिच्यात धून भरायची रीत चमत्कारिक आहे. पहिल्या फेरीत नुसते स्वर भरायचे, एकामागून एक. तेव्हा त्यांना काळ नसतो. दुसऱ्या फेरीत काळ भरायचा: कोणता स्वर केव्हा लागायचा, कुठे लांबायचा, कुठे गप्प राहायचं. त्यावर दोन खुणा करता येतात. एक स्वरावर जोर देण्याची, दुसरी एका स्वरावरून पुढच्यावर घसरत जाण्याची. सोळा घरं भरली की पेटी तेच आवर्तन वीज असेपर्यंत फिरवत राहते. आपल्याकडे शिकणाऱ्याला बंदिशीचे स्वर आणि लय सहसा वेगळी करून देत नाहीत. इथे ती आधी सोडवून ठेवायची आणि मग जोडायची.

ठेका धरणारी टीआर-८०८ ही तिची बहीण. तिच्या खालच्या कडेला सोळा बटणांची रांग आहे: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. तबला शिकलेल्या माणसाला ही रांग दाखवली तर तो तीनतालच म्हणेल. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, रंगसुद्धा लावून दिलेले. डिस्कोत खर्जाचा ठोका पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर पडतो, सगळे सारख्या वजनाचे. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली असते. हाताने ताल धरणारा तिथे टाळी देत नाही, हात उलटा करतो, आणि लगेच पुढच्या बोलांत बायाचा घुमार गळून पडतो. त्या रितेपणावरून ऐकणाऱ्याला कळतं की अर्धी वाट संपली, आता परतायचं. ८०८ च्या नवव्या घरात खर्ज तेवढ्याच जोमाने वाजतो. खाली नाही म्हणून अर्धी वाट नाही, आणि अर्धी वाट नाही म्हणून समेला परत येण्याची ओढही नाही. ठोके सगळे समेसारखे, म्हणजेच सम कुठलीच नाही. तबला बंद ठेवण्याचा निर्णय वाटतो त्याहून फार मोठा होता. त्यासरशी चरणजितनी तालाचं वर्तुळ उलगडून सरळ रस्ता केला.

आता तबल्याची एकल मैफल आठवा. झाकीर हुसेनांची असो वा गल्लीतल्या गणेशोत्सवातली, शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच छोटी धून धरून असतो. तोच लेहरा. पेशकार, कायदे, रेले, चक्रदार असे तबल्याचे सगळे प्रकार होऊन जातात, टाळ्या पडतात, लेहरा जागचा हलत नाही. आप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर यांच्या तोलाच्या हार्मोनियमवादकालाही लेहरा धरताना आपलं सगळं कसब बाजूला ठेवावं लागतं. धून रंगवावीशी वाटली तरी रंगवायची नाही, कारण तिच्या न बदलण्यावर शेजाऱ्याचा हिशेब अवलंबून असतो. तबलजी तिहाई घेऊन भरकटतो तो बिनधास्त, कारण घर कुठे आहे हे कुणीतरी सतत सांगत असतं. लेहऱ्यातली पुनरावृत्ती दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी असते.

चरणजितच्या रेकॉर्डमध्ये ३०३ नेमकं हेच काम करते. खालच्या सप्तकात तिचं आवर्तन फिरत असतं आणि वर ज्युपिटर-८ या मोठ्या सिंथेसायझरवर त्यांचे हात मोकळे असतात. अ‍ॅसिडवाल्यांनी पुढे तिचं बटण पिळून पिळून जो चिरका, ओला आवाज काढला तो इथे डोकावतो, पण तो काढण्याचा हेतू दिसत नाही. तिला साथीला बसवलं आहे आणि ती साथीला बसली आहे.

पहिला ट्रॅक भैरव. या रागाचा जीव कोमल रिषभ आणि कोमल धैवताच्या आंदोलनात. तो स्वर एका जागी उभा राहत नाही, झोपाळ्यासारखा हेलावतो. कळफलकावर सगळे स्वर एका मापाने कापलेले. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केला तो याच कारणासाठी, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे त्या वादानंतर जेमतेम अकरा वर्षांनी एक माणूस आणखी मोठी पेटी घेऊन भैरव वाजवायला बसला होता. मात्र सिंथेसायझरपाशी हार्मोनियमपाशी नसलेली एक सोय असते. स्वर वाकवता येतो, एकावरून दुसऱ्यावर ओढत नेता येतो. यंत्राची ओढ मात्र सरळसोट. मींडेचं सौंदर्य तिच्या असमान चालीत असतं, मध्ये किंचित रेंगाळून मग झपकन पोचण्यात. चरणजित स्वरांवरून घसरतात तेव्हा यंत्राची ही सरळ रेघ आणि रागाची मागणी यांतली ओढाताण स्पष्ट ऐकू येते. मला ती दोष वाटत नाही, कारण तिच्यामुळेच कान जागा राहतो.

दुसरा ललत. पंचम नाही, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी. इथे कळफलकाला उलट फायदा आहे, दोन्ही मध्यम निखळ लागतात. पंचम नसल्याने मुळातच पायाखालची फरशी काढल्यासारखा वाटणारा हा राग, आणि खाली ३०३ ची अखंड चाल. अधांतरी स्वर आणि ठाम जमीन एकत्र ऐकण्याची ही मजा मैफलीत इतक्या उघडपणे मिळत नाही.

तिसरा भूपाळी. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर देशकाराचेही. फरक मुक्कामाचा: भूपाळी गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. ३०३ मध्ये पाच स्वर भरले तर ते भूपाळीचेही नाहीत आणि देशकाराचेही नाहीत, ती नुसती शिडी आहे. राग सुरू होतो तो वरच्या हाताने कुठे थांबायचं ठरवल्यावर. यंत्राला स्वर कळतात, काळ कळतो, मुक्काम, म्हणजे न्यास, कळत नाही. या ट्रॅकमध्ये कान सारखा गंधार शोधत राहतो आणि तो सापडला की इतका वेळ काय चाललं होतं याचा उलगडा होतो. तालाची सम गेल्यावर परतीचं ठिकाण पुरवण्याची जबाबदारी न्यासाच्या स्वरावर येऊन पडली आहे. पुढचे ट्रॅक त्याच्यावरच उभे आहेत.

चौथी तोडी मला या रेकॉर्डमधली सर्वांत अवघड जागा वाटते. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलाहूनही खाली, दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं तसा लावायचा. तो कळफलकात नाहीच. पाच मिनिटांत तोडी वाढत नाही, नुसती ओळखू येते. त्यानंतर मधुवंती, कोमल गंधार आणि तीव्र मध्यमाची दुपार उतरतानाची बेचैनी, आणि पहिली बाजू संपते.

उलटी बाजू मेघमल्हाराने सुरू होते. इथे थांबून क्रम पाहण्यासारखा आहे. पहाटेचा भैरव, रात्र सरतानाचा ललत, सकाळची तोडी, उतरत्या दुपारची मधुवंती. मध्ये पावसाचा मेघ, ज्याला घड्याळापेक्षा ऋतू महत्त्वाचा. मग संध्याकाळचा यमन, रात्रीचा कलावती, उत्तररात्रीचा मालकंस आणि शेवटी पुन्हा पहाटेचा बैरागी. भूपाळी मात्र वेळ चुकवून सकाळीच आला आहे. तो सोडला तर दहा रागांनी जवळपास एक अहोरात्र पुरी केली आहे. प्रत्येक ट्रॅक तालाच्या आवर्तनाला नकार देतो आणि सगळी रेकॉर्ड मिळून एक आवर्तन होते. सुटा ट्रॅक निवडून ऐकणाऱ्याला हे कधी कळणार नाही.

यमन हवा तसा लागत नाही. त्याला ऐसपैस हिंडायला जागा लागते आणि आलापाला इथे वावच नाही. कलावती आणि मालकंस मात्र रेकॉर्डचा कळस आहेत. कलावती मुळात दक्षिणेचा राग. प्रभा अत्र्यांच्या गायकीमुळे मराठी कानांत तो इतका मुरला आहे की त्याचा कोमल निषाद यायच्या आधीच ऐकू येतो. मालकंसही पाचच स्वरांचा, रिषभ-पंचम नसलेला. अशा रागांत स्वर मोजके, उड्या मोठ्या, आणि उडीला यंत्राची ओढ शोभते. मालकंसाच्या षड्ज-मध्यमाच्या ताणाखाली ३०३ इतकी निर्विकार चालते की तिच्या निर्विकारपणाचीच झिंग यायला लागते. बैरागीत पहाट होते. रविशंकरांनी रूढ केलेला हा राग गंधार-धैवत टाकून चालतो, त्यामुळे शेवटही कोरडा, तपस्व्यासारखा.

लेहऱ्याचा हाच प्रश्न घेऊन आता मुंबईहून गोव्याकडे. सत्तरच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर आलेले हिप्पी गिटारी आणि रॉक घेऊन आले होते. ऐंशीच्या दशकात तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत शिरलं. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा, जुना आखाड्यात दीक्षा घेतलेला आणि २०२३ मध्ये गोव्यातच वारलेला अमेरिकन, लॉराँ हा फ्रेंच डीजे आणि त्यांचे सोबती रात्रभर वाजवायचे. कॅसेटवरच्या गाण्यांतले शब्द कापून काढून उरलेला वाद्यांचा भाग जोडत न्यायचे. उन्हात, वाळूत तबकड्या टिकत नाहीत म्हणून पुढे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेप आल्या. डॅटची गती वर-खाली करता येत नव्हती, त्यामुळे एका ट्रॅकचा ठेका दुसऱ्यात बेमालूम मिसळणं अशक्य. म्हणून ट्रॅकच्या दोन्ही टोकांना ठेक्याविना तरंगणारा ध्वनी ठेवायची रीत पडली. पुढे गोवा ट्रान्स म्हणून ओळखल्या गेलेल्या या संगीताचा घाट असा उष्म्याने आणि टेपने ठरवला. बाहेर गावातल्या बायका चटया अंथरून, चूल मांडून चहा विकत. मांडो, देखणी किंवा फुगडी यांतलं काही या संगीतात उतरलं नाही. ते नावाने गोव्याचं झालं आणि बनलं मुख्यतः लंडन, जर्मनी, फ्रान्स, इस्रायलमधल्या स्टुडिओंत.

त्यातला एक मानाचा अल्बम ‘ट्विस्टेड’, सायमन पॉसफर्ड या इंग्रज निर्मात्याने ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाने १९९५ मध्ये केलेला. सात-आठ मिनिटांचे ट्रॅक. चरणजितनंतर तो ऐकायला घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की वरचे मोकळे हात गायब आहेत. धूनसुद्धा आपोआप वाजवणाऱ्या सिक्वेन्सरमध्ये गेली आहे. एका लेहऱ्यावर दुसरा, त्यावर तिसरा, सगळेच लेहरे. गोवा ट्रान्सच्या पुष्कळ धुनांत कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार लागोपाठ येतात, मराठी कान लगेच भैरव, बसंत मुखारी अशी नावं शोधू लागतो, आणि थोड्याच वेळात तो नाद सोडतो. शिडी ओळखीची असली तरी मुक्काम कुठेच नाही. बदलतो तो आवाजाचा पोत. फिल्टर नावाचं बटण हळूहळू उघडत जातं, तीच ओळ आधी बंद दाराआडून आल्यासारखी, मग तोंडासमोर उभी. आठ किंवा सोळा मापं पूर्ण झाली की काहीतरी सुटतं किंवा येऊन मिळतं. ते केव्हा होणार हे चार-सहा मिनिटांत अंगवळणी पडतं. काय होणार हे ठाऊक नसतं.

खयालाच्या श्रोत्याची गत याच्या उलट. त्याला समेची वेळही ठाऊक असते आणि समेवर कोणता शब्द पडणार तेही. ‘कसं’ एवढंच गुलदस्त्यात असतं, कारण ते गाणाऱ्याच्या हाती आहे. ट्रान्समध्ये ते ‘कसं’ निर्मात्याने स्टुडिओत बसून आधीच ठरवून टाकलेलं आहे. वाजताना तिथे कुणीच मोकळं नाही.

मग इतके लेहरे धरले आहेत ते कुणासाठी? उत्तर किनाऱ्यावर होतं. मोकळा होता तो नाचणारा. तबलजीची जागा त्याच्या अंगाने घेतली होती. ठेक्याच्या दुप्पट चालायचं, अर्ध्याने चालायचं की उभ्या उभ्या नुसतं डोलायचं, हा त्याचा कायदा आणि त्याचा रेला. म्हणून हे संगीत ‘तेच ते’ म्हणून उडवून लावणारा समीक्षक आणि एकल तबल्याला जाऊन पेटीवाला सारखं तेच वाजवतो अशी तक्रार करणारा प्रेक्षक, दोघांची चूक एकच आहे. दोघांनी साथीदाराला मुख्य कलाकार समजून तिकीट काढलं.

घरी खुर्चीत बसून, हेडफोन लावून असा अल्बम ट्रॅकमागून ट्रॅक ऐकणाऱ्याची मात्र पंचाईत होते. तो नाचत नाही आणि वाजवतही नाही. मोकळी जागा त्याच्यासाठी ठेवलेली आहे आणि ती भरायला त्याच्याजवळ लक्षाखेरीज काही नाही. त्यालाच ठरवावं लागतं की या फेरीत खर्ज ऐकायचा की झांज, धुनेचा कुठला स्वर घर मानायचा, आवर्तन कुठून सुरू झालं समजायचं. हे केलं नाही तर संगीत भिंतीच्या कागदासारखं मागे पसरून राहतं. ट्रान्सचे बरेचसे अल्बम तसेच वापरले जातात, काम करताना, गाडी चालवताना. गैर काही नाही, पण तेवढ्यावरून त्यांची किंमत ठरवू नये.

तरीही एक हिशेब उरतो आणि त्यात माझा कौल चरणजितच्या बाजूने आहे. नाचणाऱ्याचं स्वातंत्र्य त्याच रात्री खर्च होतं, दुसऱ्याला ते ऐकता येत नाही. ऐकणाऱ्याच्या लक्षाचंही तेच. वादकाचं स्वातंत्र्य मात्र रेकॉर्डमध्ये खूण ठेवून जातं. तोडीतला न सापडलेला गंधार, मालकंसात मध्यमावर अपेक्षेपेक्षा जास्त थांबलेलं बोट, यमनात झालेली घाई, या सगळ्या एका माणसाने त्या क्षणी केलेल्या निवडी आहेत आणि त्यांच्याशी आजही भांडता येतं. ‘ट्विस्टेड’च्या रचनेला दाद देता येते, तिच्याशी भांडता येत नाही, कारण ऐन वेळी कुणी काही निवडलेलंच नाही.

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरी पार केलेल्या चरणजितना युरोपच्या महोत्सवांत बोलावणी आली. तीच यंत्रं घेऊन ते समोर नाचणाऱ्या तरुणांपुढे राग वाजवायला उभे राहिले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्या कार्यक्रमांत एकाच लेहऱ्यावर दोघे मोकळे होते, वर वाजवणारा आणि खाली नाचणारा. ट्रान्सने पहिल्याला रजा दिली, मैफलीने दुसऱ्याला कधी आत घेतलंच नाही. या रेकॉर्डचं मोल शोधायचं असेल तर ते या दोघांना एकत्र मिळालेल्या जागेत शोधावं, आणि कोण आधी हा वाद मथळे लिहिणाऱ्यांवर सोडावा.